पद रिकामे का झाले होते: एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीच्या सेवेचा अभिप्राय

एका भरती सल्लागार संस्थेच्या, म्हणजे आपण ज्याला प्लेसमेंट कन्सल्टन्सी म्हणतो त्या सेवेचा हा अभिप्राय आहे. या संस्थेमार्फत मी नोकरी बदलली, नव्या ठिकाणी १३ महिने काम केले आणि गेल्या महिन्यात तिथला राजीनामा दिला. त्यानंतर काही दिवसांतच संस्थेचा ठरावीक संदेश आला, की आमच्या सेवेला ५ पैकी गुण द्या आणि दोन ओळी लिहा. दोन ओळींत मावण्यासारखे हे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण जे घडले ते कोणाच्या वाईट हेतूपेक्षा या व्यवसायाच्या रचनेतून अधिक घडले असे माझे मत आहे, आणि ही रचना सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आढळते.

आधी चांगले काय होते ते सांगते. माझी माहिती पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन आला, आणि ज्या सल्लागार मॅडम बोलल्या त्यांनी माझा बायोडेटा खरोखर वाचलेला होता. तयार मालाची तपासणी करणे आणि प्रक्रियेवर नियंत्रण ठेवणे यांतला फरक त्यांना ठाऊक होता, जो भरतीच्या क्षेत्रातील फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. प्रत्येक मुलाखतीनंतर २४ तासांच्या आत त्यांनी कंपनीचे म्हणणे कळवले. ऑफर लेटर आले तेव्हा ३४ टक्के वाढीपैकी जवळजवळ निम्मी वाढ व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणाऱ्या वेतनात, आहे आणि ते व्हेरिएबल माझ्या कामावर नसून कंपनीच्या नफ्यावर अवलंबून आहे, हे त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिले आणि कंपनीशी बोलून निश्चित वेतनातील वाढ २२ टक्क्यांपर्यंत नेली. जॉइनिंग बोनस १२ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागेल, ही बारीक अक्षरांतली अटही त्यांनी वाचून दाखवली. वेतनाची बोलणी आणि कागदपत्रे एवढ्यापुरतीच ही सेवा असती, तर मी पूर्ण गुण दिले असते.

अडचण पुढची आहे, आणि ती समजण्यासाठी अशा संस्थांना पैसे कुठून मिळतात हे लक्षात घ्यावे लागते. उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात नमूद आहे, आणि चांगल्या संस्था ते पाळतात. माझ्याकडूनही काहीच घेतले गेले नाही. शुल्क देते ती कंपनी, आणि ते बहुधा उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या ठरावीक टक्क्यांत मोजले जाते. वरिष्ठ पदांसाठी काही वेळा ते टप्प्याटप्प्याने आगाऊ मिळते. परंतु माझ्यासारख्या मधल्या फळीतील पदांसाठी उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाला तरच मिळते, आणि तोपर्यंतची सगळी मेहनत संस्थेच्या जोखमीवर असते. त्याच्या जोडीला बदली उमेदवाराची हमी असते. आमच्या बाबतीत ती ९० दिवसांची होती. रुजू झालेली व्यक्ती एवढ्या काळात सोडून गेली, तर त्याच पदासाठी दुसरी व्यक्ती संस्थेने कोणतेही शुल्क न घेता शोधून द्यायची. पहिल्या भागाची मला कल्पना होती. हमीबद्दल मी ऐकलेही नव्हते, आणि माझ्या कहाणीत तीच सर्वांत महत्त्वाची ठरली.

नोंदणीच्या वेळी भरावयाच्या अर्जात ‘नोकरी बदलण्याचे कारण’ असा एक मोठा रकाना होता, आणि पहिल्या फोनवरही मॅडमनी विचारले, “सध्याच्या ठिकाणी नेमके काय खटकते?” मी वीस मिनिटे बोलले. नऊ वर्षे एकाच कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काढली होती, वरच्या दोन्ही पदांवरची माणसे माझ्याच वयाची असल्याने बढतीची वाट बंद होती, पगारवाढ दरवर्षी महागाईच्या जेमतेम बरोबरीने होत होती, आणि कार्यालयाची जागा कोंदट होती. यातील प्रत्येक गोष्ट खरी होती. मात्र तिथे काय आवडते, कोणती गोष्ट सोडवणार नाही, असा रकाना अर्जात नव्हता आणि तो प्रश्न मला कोणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर सोपे होते. सकाळी पहिल्या पाळीचा पहिला नग यंत्रावरून उतरला की तो पुसून मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे बारीक माप घेण्याच्या उपकरणात, धरायचा, त्याच्या टोकाचा रॅचेट तीनदा टकटक वाजेपर्यंत फिरवायचा आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचा, हे काम माझ्या पदाच्या माणसाने करण्याची गरज नव्हती, तरी मी ते नऊ वर्षे रोज केले. त्या आकड्यावरून यंत्राची तब्येत कळायची. ऑपरेटर शेजारी उभा असायचा, आणि आम्ही दोघे मिळून टूल बदलायचे की आणखी पन्नास नग काढायचे ते ठरवायचो.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून मांडलेला निष्कर्ष मी शिकताना पाठ केला होता: पगार, धोरणे, कामाची जागा, वरिष्ठांशी संबंध या गोष्टी बिघडल्या की माणूस असमाधानी होतो, परंतु त्या सुधारल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही, समाधान बहुतांशी प्रत्यक्ष कामातून, त्यातल्या यशातून आणि जबाबदारीतून येते. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली आहे. तरीही माझी ती वीस मिनिटे आठवून पाहिली, तर मी जे बोलले ते सगळे पहिल्या यादीतले होते आणि दुसऱ्या यादीतला एक शब्दही त्यात नव्हता. सल्लागाराने माझ्या तक्रारी अचूक टिपून घेतल्या आणि त्या प्रत्येकीला उत्तर देणारी नोकरी शोधून दिली. पद मोठे होते, पगार जास्त होता आणि कार्यालय प्रशस्त होते.

पदाचे वर्णन तीन ओळींचे होते. नवी गुणवत्ता प्रणाली उभारण्याची संधी, सहा जणांची टीम, थेट कारखानाप्रमुखांना रिपोर्टिंग. मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या व्हिडिओवर झाल्या. एकदा कारखाना पाहता येईल का असे मी विचारले, तेव्हा गोपनीयतेच्या नियमामुळे रुजू झाल्यावरच आत नेता येते असे उत्तर मिळाले, आणि मॅडम म्हणाल्या की हल्ली बहुतेक ठिकाणी असेच असते. मी ते मान्य केले. ही माझी चूक होती, आणि तिचा भार मी संस्थेवर टाकणार नाही. ज्या विभागात रोज आठ-दहा तास काढायचे, तो न पाहता होकार देण्याची घाई मला कोणी केलेली नव्हती.

रुजू झाल्यावर टीममध्ये तीन जण आढळले, त्यांतला एक नोटीस पीरियडवर होता. रिपोर्टिंग कारखानाप्रमुखांना नसून ग्राहकसेवा विभागाच्या व्यवस्थापकांना होते. एवढे एक वेळ चालले असते. माझ्या टेबलावर पहिल्या आठवड्यात ग्राहकांच्या १४ तक्रारींच्या ८डी अहवालांची फाइल आली. ही पद्धत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: तक्रार आल्यावर आठ टप्प्यांनी जायचे असते, तिसऱ्या टप्प्यावर सदोष माल तात्पुरता अडवायचा, चौथ्यावर मूळ कारण शोधायचे, पाचव्या-सहाव्यावर कायमचा उपाय निवडून अमलात आणायचा आणि सातव्यावर तो दोष पुन्हा उद्भवू नये याची व्यवस्था करायची. त्या १४ पैकी ११ अहवालांत चौथ्या टप्प्याच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ असे लिहिलेले होते आणि पाचव्यात ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे. अक्षरे वेगवेगळ्या माणसांची होती, वाक्य तेच होते. मी एका तक्रारीतला सदोष नग पाहायला मागितला, तेव्हा तो चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात आला. ग्राहकाकडून परत आल्यापासून ते खोके कोणी उघडलेलेच नव्हते. मी यंत्राजवळ जाऊन तपासण्याची तयारी केली, त्यावर व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितले की उत्तर ४८ तासांत जायला हवे, आणि आपले काम उत्तर देण्याचे आहे. पुढचे १३ महिने माझे काम तेवढेच राहिले. मायक्रोमीटर मी या काळात दोनदा हातात घेतला, आणि त्यांतली एक वेळ ग्राहकाचे गुणवत्ता परीक्षक आले होते तेव्हाची होती.

चौथ्या महिन्यात जुन्या फायली लावताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अहवालाच्या तळाशी तयार करणाऱ्याची सही असते, आणि गेल्या दोन वर्षांच्या अहवालांवर माझ्या पदाच्या जागी तीन वेगवेगळ्या सह्या होत्या. शेवटची सही फक्त सहा आठवड्यांच्या कागदांवर होती. टीममधल्या सहकाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने सहज सांगितले, की ते सर सातव्या आठवड्यात सोडून गेले, त्यांना इथे प्रत्यक्ष दोष शोधण्याचे काम नाही हे पटले नाही, आणि तेही तुमच्याच कन्सल्टन्सीतून आले होते. म्हणजे मी बदली उमेदवार होते. हमीच्या मुदतीत निघून गेलेल्या माणसाच्या जागी, शुल्क न घेता भरून द्यायची ती जागा होती, आणि ती लवकरात लवकर भरण्याचे कारण संस्थेकडे माझ्यापेक्षा कितीतरी अधिक होते.

मी मॅडमना फोन केला. त्या खोटे बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. आधीचे उमेदवार ‘वैयक्तिक कारणाने’ गेले असे कंपनीने कळवले होते, आम्ही त्या उमेदवाराशी पुढे सविस्तर बोललो नाही, आणि तुम्ही विचारले असते तर ते पद बदली म्हणून भरत आहोत हे आम्ही नक्की सांगितले असते, असे त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटले. जो माणूस सात आठवडे त्या खुर्चीत बसून उठला होता, त्याच्याकडे त्या पदाची सर्वांत खरी माहिती होती, ती मिळवायला संस्थेला एक फोन पुरला असता, आणि तो फोन कोणाच्याच कामाचा भाग नव्हता. मला मात्र रुजू झाल्यानंतर ३०व्या, ६०व्या आणि ८५व्या दिवशी न चुकता फोन आले होते. सगळे ठीक आहे ना, काही अडचण असेल तर घाईने निर्णय घेऊ नका, नव्या जागी रुळायला वेळ लागतोच, असे त्यांत अतिशय आपुलकीने सांगितलेले होते. ९०व्या दिवसानंतर एकही फोन आला नाही. त्या फोनमधली आपुलकी खोटी होती असे मी म्हणत नाही, परंतु तिची मुदत हमीच्या मुदतीशी जुळणारी होती, हे वाचणाऱ्याला माहीत असावे.

रुळायला वेळ लागतो हे म्हणणे निराधारही नाही, आणि म्हणूनच ते ऐकून मी इतके महिने थांबले. वेंडी बॉसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्वेच्छेने नोकरी बदलल्यावर समाधान आधी चढते आणि नंतरच्या काळात उतरते असे दिसले होते. त्यामुळे थोडा हिरमोड झाला की लगेच निर्णय चुकला असे मानू नये. परंतु हा साधारण उतार आणि खरा पश्चात्ताप यांत फरक कसा करावा, हा प्रश्न मला कित्येक रात्री छळत होता. माझ्यापुरते उत्तर मला असे मिळाले: उतार असता तर चांगले दिवस आणि वाईट दिवस असे दोन्ही आले असते. माझे सगळे दिवस सारखे होते, आणि एखादा दिवस व्हेरिएबलच्या रकमेने किंवा कौतुकाच्या ईमेलने बरा झाला, तरी तो कामामुळे बरा झालेला नसायचा. पाचव्या महिन्यात मला हे कळले होते. तरी मी थांबले, कारण १२ महिन्यांच्या आत गेले असते तर जॉइनिंग बोनस परत द्यावा लागला असता, आणि तो तोपर्यंत खर्च झालेला होता. ती अट मला वाचून दाखवली होती तेव्हा मी मान डोलावली होती. ती पुढे माझ्या पायांतली बेडी होईल असे त्या क्षणी वाटले नव्हते.

पश्चात्तापाविषयी मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोव्हिच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये जे मांडले, त्याचाही मी आधार घेत असे. जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त टोचतात आणि दूरच्या काळात न केलेल्या, असे ते सांगतात. म्हणून नोकरी बदलली नसती तर दहा वर्षांनी त्याची खंत वाटली असती, असे मी मनाची समजूत घालताना म्हणायचे. काही अंशी ते खरेही असेल. पण आज मला बदलण्याची खंत नाही, न विचारण्याची आहे, आणि ती न केलेल्या गोष्टीचीच खंत असल्यामुळे लवकर मिटेल असे वाटत नाही. हे पद रिकामे का झाले, आधीची व्यक्ती किती दिवस होती, तिच्याशी मला बोलता येईल का, मी बदली उमेदवार आहे का, या प्रश्नांना जास्तीत जास्त पाच मिनिटे लागली असती.

जुन्या साहेबांना मी सातव्या महिन्यात फोन केला होता. ते प्रेमाने बोलले, माझ्या जागी आलेल्या मुलीचे कौतुक केले, आणि पुढे जागा झाली तर नक्की कळवेन म्हणाले. ती जागा मी स्वतःहून सोडली होती आणि आता ती दुसऱ्या कोणाची होती. सकाळचा पहिला नग आता तीच तपासते का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण विचारले नाही.

या सेवेला मी ५ पैकी २ गुण देत आहे. दोन्ही गुण वेतनाच्या बोलणीसाठी आणि कागदपत्रांतील काटेकोरपणासाठी आहेत. उरलेले तीन गुण ज्यासाठी कापले ते काम अवघड नाही. जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत एक साधा प्रयोग केला होता: काही उमेदवारांना कामाची नेहमीसारखी गोड ओळख करून दिली आणि काहींना त्यातला कंटाळा आणि सक्त देखरेख यांसकट खरी. खरी ओळख मिळालेल्यांच्या अपेक्षा वास्तवाच्या जवळ राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. पन्नास वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट सल्लागार संस्थांच्या फायद्याचीही आहे, कारण बदली उमेदवार फुकट शोधावा लागण्याची वेळच कमी येईल. माझी मागणी एवढीच आहे, की उमेदवाराला पाठवण्याच्या वर्णनात पदाचा गेल्या दोन-तीन वर्षांचा इतिहास एका ओळीत द्यावा, आणि नोंदणीच्या अर्जात ‘काय सोडवणार नाही’ असा एक रकाना वाढवावा. ही मागणी मी संस्थेला स्वतंत्रपणे लिहूनही कळवली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून मिळालेले नाही.

राजीनाम्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच पदाची जाहिरात पुन्हा आली. त्या तीन ओळींत एकही शब्द बदललेला नव्हता. एका उमेदवाराने माझे नाव शोधून काढून मला संदेश पाठवला आणि बोलता येईल का असे विचारले. आम्ही पाऊण तास बोललो. मी त्याला १४ तक्रारींची फाइल, ४८ तासांची मुदत, व्यवस्थापकांचा शांत स्वभाव, वेळेवर होणारा पगार, सगळे जसे होते तसे सांगितले, आणि आधीच्या तीन सह्यांबद्दलही सांगितले. त्याने बारकाईने प्रश्न विचारले. शेवटी तो म्हणाला, “ताई, मला यंत्रांपेक्षा ग्राहकांशी बोलणे आणि अहवाल लिहिणेच जास्त जमते, आणि संध्याकाळी वेळेवर घरी जाता येत असेल तर मला ते हवेच आहे.” वेळेवर जाता येते, असे मी त्याला सांगितले, कारण ते खरे होते. पुढच्या सोमवारी त्याने होकार कळवला.